काकूंचं जुनं विंडोज

त्यांना सगळे फॉरमॅटकाका म्हणायचे. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव आता फक्त दुकानाच्या वीजबिलावर उरलं होतं. कुणाचाही कॉम्प्युटर आला, की काका आधी झाकण काढून आतल्या धुळीवर एक फुंकर मारायचे, मग खुर्चीत मागे रेलायचे आणि म्हणायचे, "फॉरमॅट मारू या. सगळं पुसून कोरं करू, मग हवं ते घालू." हे ते इतक्या समाधानाने म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, बरं झालं बिघडलं ते.

असला स्वभाव धंद्यात खपून जातो. घरात खपत नाही. ते कसं, हेच सांगायचं आहे, आणि आधीच सांगून ठेवलेलं बरं, की या गोष्टीत शेवटी काही गोड होत नाही.

दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट. एका वेळी दोन गिऱ्हाइकं आली तर एकाने पायरीवर उभं राहायचं. आत भिंतीला लागून एक लांब फळी, आणि फळीवर तीन कॉम्प्युटर ओळीने मांडलेले. पहिल्यावर विंडोज, दुसरा कुणीतरी वापरून काढून टाकलेला मॅक, तिसऱ्यावर लिनक्स. नवीन कॉम्प्युटर घेणारा माणूस विचारायचा, "काका, रोजच्या वापराला यातलं चांगलं कुठलं?" काका उत्तर द्यायचे नाहीत. त्याला पहिल्या मशीनपुढे बसवायचे. दोन ओळी लिही, सेव्ह कर, बंद कर. मग दुसरं. मग तिसरं. तिन्ही झाले की त्याला उठवून बाहेर पाठवायचे, जा, कोपऱ्यावर चहा पिऊन ये. आणि तो परत आला की सांगायचे, "आता तुझं तू लिहिलेलं शोध. तिन्हीकडे. मला विचारायचं नाही."

तो शोधायला लागला की काका स्क्रीनकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. त्याचा माउसवरचा हात बघत बसायचे. कुठे अडखळतो, कुठे सरळ जातो, कुठे घाबरून मागे येतो. "लिहिणं कुणालाही जमतं," ते म्हणायचे. "ठेवलेलं परत सापडलं, तर ते मशीन तुमचं. बाकी सगळी जाहिरातबाजी."

तिघांची तुलना करायला बसले की त्यांना रंग चढायचा. विंडोज म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचं, कुठेही अडलात तर सांगणारा कुणीतरी भेटतो, पण तुम्ही घाईत असलात की नेमकी त्याला अपडेटची हुक्की येते. मॅक देखणा, शहाणा, सहसा कुरकुर नाही, पण त्याच्या कलाने घ्यावं लागतं आणि उघडून बघायचं म्हटलं तर माझ्यासारख्याला दारातूनच परत पाठवतो. लिनक्स काही मागत नाही, म्हाताऱ्या मशीनलाही तरतरी आणतं, पण प्रिंटर रुसला तर त्याची समजूत तुमची तुम्ही काढायची. एवढं बोलून ते तिसऱ्या मशीनच्या डोक्यावर थाप मारायचे. जीव सगळा तिकडे होता. ज्याचा हात जिकडे वळेल ते त्याला द्यायचे हे खरं, पण कुणाचा हात लिनक्सकडे वळला तर त्या दिवशी काका घरी गुणगुणत जायचे.

आणखी एक रीत त्यांनी कसोशीने पाळली होती. जुनं काढून नवं घातलं, की जुनी हार्ड डिस्क ते पुसायचे नाहीत. कागदात गुंडाळून, वर गिऱ्हाइकाचं नाव घालून खणात ठेवायचे. हात बसला नाही तर परत लावून देता यावी म्हणून. लोक वैतागत, चिडत, आणि पंधरा दिवसांत गप्प होत. "पंधरा दिवसांत हात बसतो," हे काकांचं ठरलेलं वाक्य होतं. क्वचितच कुणाची डिस्क खणातून परत गेली असेल.

आता घरचं ऐका. काकू एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. नुसत्या टायपिस्ट नव्हे, त्या ऑफिसचा कणाच. वकीलसाहेब अर्धं वाक्य सांगून खिडकीबाहेर बघत बसले तरी पुढचं अर्धं काकूंच्या बोटांना माहीत असे. निवृत्त झाल्यावर ऑफिसात होतं तसंच मशीन त्यांनी घरी लावून घेतलं. तेच विंडोज, तोच टायपिंगचा प्रोग्राम, तोच साधा निळा पडदा, आणि डाव्या कोपऱ्यात एकाखाली एक चार आयकॉन. त्यात काडीचा बदल त्यांनी होऊ दिला नाही. काका मधूनमधून मागे लागायचे, अगं, नवीन बघ तरी. काकू चष्म्यावरून बघायच्या. "तुमचे प्रयोग दुकानात. मला माझं काम आहे."

मग काकू विसरायला लागल्या. आधी चष्मा, किल्ल्या, ते तर सगळेच विसरतात. मग दूध तापत ठेवून शेजारणीकडे जाऊन बसल्या. मग एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी यायचा रस्ता सापडेना, तेव्हा काका त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, आणि काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "गेलेलं परत येणार नाही. असलेलं जपा."

असलेलं काय होतं, तर टायपिंग. मुलीचं लग्न झालंय की व्हायचंय हे सांगता न येणारी बाई मशीनपुढे बसली की बदलून जायची. बोटं धावायची. पान संपलं की हात आपोआप वर जाऊन सेव्ह करायचा. बाहेरची कामं तोवर बंद झाली होती, कुणाला देववणार? मग काका वकीलसाहेबांकडे गेले आणि जुन्या, कधीच्या निकाली निघालेल्या खटल्यांच्या कागदांचा एक गठ्ठा मागून आणला. वकीलसाहेबांनी गठ्ठ्याला स्वतः दोरी बांधून दिली.

त्या गठ्ठ्यावर काकूंचा संसार चालला म्हणा ना. सकाळचं आवरलं की काकू मनगटावर घड्याळ बांधायच्या, आतल्या खोलीत खिडकीशी असलेल्या टेबलापाशी बसायच्या आणि जेवणाच्या वेळेपर्यंत टाइप करायच्या. मधे कुणी हाक मारलेली त्यांना खपत नसे. "ऑफिसच्या वेळेत आहे मी," म्हणायच्या. गठ्ठा संपला की काका तोच पुन्हा वरून लावून ठेवायचे. एका भावाभावांच्या वाटणीचा दावा तर त्यांनी किती वेळा टाइप केला असेल देव जाणे. दर वेळी मान हलवून म्हणायच्या, "अहो, लोकांची सगळ्यांची एकच तऱ्हा बघा. विहिरीवरूनच भांडतात." काका हो म्हणायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायचे.

बाकीच्या अख्ख्या दिवसात काकूंना कुणीतरी सांगावं लागे, आता जेवायचं, आता अंघोळ, हे घालायचं, ते नाही. तेवढी सकाळ मात्र त्यांची स्वतःची होती. काकांना हे पक्कं कळत होतं. म्हणूनच पुढे जे केलं त्याला माफी नाही, असं ते स्वतःच म्हणायचे.

निमित्त झालं दाताच्या डॉक्टरांचं. हे काकांचे दोस्त. मॅक घेतला होता आणि त्यावर गाणी ऐकण्यापलीकडे काही करत नव्हते, पण संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून तिन्ही सिस्टिमवर मत द्यायला पुढे. एकदा काही कागद आणायला ते काकांच्या घरी गेले आणि आतल्या खोलीतलं ते पिवळट पडलेलं खोकं त्यांनी बघितलं. पंखा घरघरतोय, सुरू व्हायला इतका वेळ की तेवढ्यात माणूस दाढी करून येईल. संध्याकाळी पायरीवर चार गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, "काय काका, जगाला लिनक्स वाटता आणि बायकोला मात्र इतिहासजमा विंडोज? कंपनीसुद्धा विसरली असेल ते."

सगळे हसले. काकाही हसले, पण ते बोलणं त्यांना झोंबलं. त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला, तिनेही तेच काढलं, बाबा, ते जुनं मशीन बदला की, सुरक्षित नसतं म्हणतात. आता त्या मशीनला इंटरनेटची वायरही जोडलेली नव्हती, त्याला कसला धोका? हे काकांइतकं कुणाला ठाऊक होतं? पण माणसाला एखादी गोष्ट करायचीच असली की कारणं आपणहून दारात येऊन उभी राहतात. त्यात सकाळी काकू मशीन सुरू व्हायची वाट बघत म्हणाल्या, "अहो, दमलंय का हे?" झालं. काकांनी मनाशी ठरवून टाकलं, हिला एक छान, हलकं, झटकन चालू होणारं मशीन करून द्यायचं.

सुट्टीची दुपार होती. काकू जेवून आडव्या झाल्या होत्या. काकूंनी टाइप केलेली सगळी पानं काकांनी पेनड्राइव्हवर घेतली. एकही पान सुटू दिलं नाही, तपासून पाहिलं. डिस्क काढून कागदात गुंडाळायची आणि दुसरी लावायची, ही परक्यांसाठी पाळलेली रीत घरच्यांसाठी कशाला, असं त्यांना वाटलं. पानं तर घेतलीच आहेत. आणि त्याच डिस्कवर फॉरमॅट मारला. सगळं पुसलं जाईल, नक्की का, असं मशीनने विचारलं. तो प्रश्न त्यांनी जन्मभरात इतक्यांदा बघितला होता की ते तो वाचतही नसत. हो म्हणून मोकळे झाले.

काम मात्र मन लावून केलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. नव्याने घातलेल्या लिनक्सला जमेल तितका जुना चेहरा दिला. पडदा निळा. कीबोर्डवरची अक्षरं होती तिथेच, टाइपरायटरसारखी. डाव्या कोपऱ्यात चार आयकॉन. बटणं मोठी केली, अक्षरं मोठी केली. संध्याकाळी चालू करून बघितलं तर चहा ओतेस्तोवर मशीन तयार. काका स्वतःवरच खूश होऊन हात चोळत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू घड्याळ बांधून आल्या, बसल्या, आणि बसूनच राहिल्या.

"काय झालं गं?"

"हे कुणाचं आहे?"

"तुझंच. बघ किती लवकर चालू झालं."

काकूंनी एका आयकॉनवर माउस नेला आणि मागे घेतला. निळा रंग थोडा निराळा होता. आयकॉनची चित्रं निराळी होती. उघडलेल्या पानाच्या वर जिथे सेव्हचं चित्र असायचं तिथे दुसरंच काही होतं. तुम्हाआम्हाला यात काय वाटणार? थोडं इकडेतिकडे बघितलं की सापडतं. पण काकू ते बघून करतच नव्हत्या, कित्येक वर्षांत त्यांनी बघितलंच नव्हतं. हात जायचा आणि काम व्हायचं. आता हात जायचा आणि तिथे काही नसायचं. अगदीच वेगळं असतं तर निदान परकं तरी वाटलं असतं. हे आपल्याच घरात कुणी सगळ्या वस्तू वीतवीत सरकवून ठेवल्यासारखं झालं होतं.

"पंधरा दिवसांत हात बसेल," काका म्हणाले.

ते रोज शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. दुकान उशिरा उघडू लागले. इथे दाब. आता हे पान उघडलं. आता टाइप कर. काकू मान डोलवायच्या, करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी कोरी. काकांनी स्क्रीनच्या कडेला कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, बाण काढले. काकू चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या आणि मग काकांकडे बघायच्या, की हे वाचलं, पुढे काय? पंधरा दिवस झाले, आणखी पंधरा झाले. नवीन सवय लागायला जे आत काहीतरी लागतं, तेच काकूंच्यात शिल्लक नव्हतं. होत्या त्या जुन्या सवयी, आणि त्या जिथे नांदत होत्या ती जागा काकांनी आपल्या हाताने पुसून टाकली होती.

एका सकाळी काकांचा तोल सुटला. पान टाइप झालं होतं, सुंदर झालं होतं, आणि काकूंनी जुन्या सवयीने कुठेतरी दाबलं आणि ते सगळं नाहीसं झालं. "अगं किती वेळा सांगायचं? डोकं आहे की काय आहे?" काका ओरडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. काकूंनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले. "चुकलं हो," म्हणाल्या. "पुन्हा नाही होणार." एखाद्या साहेबाला सांगावं तसं म्हणाल्या. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी शेवटचा उपाय म्हणून काकूंना दुकानात नेलं. फळीवरच्या पहिल्या मशीनवर विंडोज होतंच, नव्यातलं. कोण जाणे, हात ओळखेल. नाहीतर मॅक बघू. एक दिवस दुकानाचं दार अर्धं ओढून घेऊन त्यांनी बायकोला गिऱ्हाइकासारखं बसवलं. काकू तिन्हीकडे बसल्या. टाइप करायला त्यांना कुठेच अडचण आली नाही, समोर उघडून दिलं की बोटं चालायचीच. सेव्ह काकांनी हात धरून करवलं. मग बाहेर पाठवायच्या ऐवजी काकांनी त्यांना तिथेच चहा दिला, आणि कप खाली ठेवल्यावर म्हणाले, "आता तू लिहिलेलंस ना, ते शोध बघू."

"मी?" काकू म्हणाल्या. "मी कुठे काय लिहिलं?"

काका त्यांच्या हाताकडे बघत होते. हात मांडीवर होता, हललाच नाही. शोधायला मुळात ठेवल्याचं आठवावं लागतं, हे इतक्या वर्षांत त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं आणि काकूंना घरी आणलं.

त्यानंतर काही दिवस काकू सकाळी येऊन बंद मशीनपुढे बसायच्या. हात मांडीवर, नजर खिडकीबाहेर, जेवणाच्या वेळेला उठायच्या. मग एक दिवस त्या आल्याच नाहीत. स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल घेऊन बसल्या. घड्याळ बांधलेलं नव्हतं. काकांनी विचारलं, "आज ऑफिस नाही?" काकू म्हणाल्या, "नाही." आणि तो दिवस गेला, दुसरा गेला, मग ते रोजचंच झालं. आता सगळा दिवस सारखाच, सकाळ काय आणि संध्याकाळ काय. बोलणं कमी झालं. जेवायला बसवलं तर बसायच्या. मुलगी चार दिवस येऊन गेली, आई माझ्याकडे परक्यासारखी बघते म्हणून रडली आणि म्हणाली, "बाबा, आजार वाढतोय, तुमचा काय दोष?" आजार वाढत होताच. पण सकाळ आजाराने नेली नव्हती, ती कुणी नेली हे त्यांना माहीत होतं.

दुकानात त्यांचं लक्ष उडालं. कुणी "काका, फॉरमॅट मारायचा का?" असं थट्टेने विचारलं तर दचकायचे. दाताच्या डॉक्टरांनी सगळं कळल्यावर पायरीवर येणं कमी केलं. बिचाऱ्यांचा तरी काय गुन्हा, थट्टाच केली होती.

काकांनी आता एकच ध्यास घेतला, ते जुनं विंडोज परत उभं करायचं. सगळं अगदी होतं तसं. पुसलेली डिस्क त्यांनी हरतऱ्हेने खरवडून पाहिली, पण वर नवं लिहिलं गेलं होतं. भंगारवाल्यांकडे चकरा मारल्या, बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानांतून, जुन्या छापखान्यांतून विचारत फिरले. विंडोजची सीडी मिळाली. घासलेली होती, तरी चालली. टायपिंगचा तो प्रोग्राम मात्र कुठेच मिळेना, तो करणारी माणसं कधीच तो धंदा सोडून गेली होती. शेवटी जाऊ नये वाटत होतं तिथे गेले, वकीलसाहेबांकडे.

ऑफिसात सगळं नवं झालं होतं. वकीलसाहेबांनी त्यांना मागच्या अडगळीच्या खोलीत नेलं. तिथे एका खोक्यात काकूंच्या वेळचं मशीन पडून होतं, आणि खणात प्रोग्रामची सीडी, वर काकूंच्या अक्षरात नाव. काकांनी मशीन तिथेच जोडलं. पंखा घरघरला आणि निळा पडदा आला, डाव्या कोपऱ्यात एकाखाली एक चार आयकॉन. मग त्यांनी खिशातून फोन काढून पडद्याचे फोटो घेतले, जवळून, लांबून, प्रत्येक चित्राचे.

"बाई अजून टाइप करतात ना?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"करते की," काका म्हणाले. खोटं बोलताना त्यांना मान वर करवली नाही.

"मग हे सगळंच घेऊन जा. इथे कुणाला हवंय?"

ते अख्खं मशीन काकांनी घरी आणलं. मुद्दाम धूळसुद्धा सगळी पुसली नाही. जुन्या टेबलावर, जुन्या जागी, कीबोर्ड तिरका ठेवायची काकूंना सवय होती तसा तिरका ठेवला. स्क्रीनच्या कडेच्या चिठ्ठ्या केव्हाच काढल्या होत्या, त्यांचा राहिलेला चिकटपणा ओल्या फडक्याने काढला. गठ्ठ्यातला वरचा कागद शेजारी ठेवला. सकाळ झाली तेव्हा त्यांनी स्वतः काकूंना चांगले कपडे काढून दिले, केस विंचरून दिले, आणि हात धरून खोलीत आणलं.

काकू दारातच थांबल्या. निळा पडदा बघितला. चेहरा जरासा उजळला.

"हे आमच्या ऑफिसातलं," त्या म्हणाल्या.

"हो. बस ना."

त्या बसल्या. आणि काय सांगावं, उजवा हात आपणहून माउसवर गेला. न बघता, न चाचपडता, सरळ डाव्या कोपऱ्यात गेला आणि दोनदा टकटक झालं. कोरं पान उघडलं. काकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना पोटभर श्वास घेता आला. काकूंची बोटं कीबोर्डवर आली, आपापल्या जागी टेकली.

टेकली, आणि तिथेच राहिली. मग काकूंनी ती अलगद उचलून मांडीवर घेतली.

"नको," त्या म्हणाल्या.

"का गं? येतंय की तुला. आत्ताच तर आलं."

काकू त्यांच्याकडे वळल्या. फार अदबीने, ऑफिसातल्या जुन्या टायपिस्टने साहेबांशी बोलावं तसं बोलल्या. "साहेब, तुमचं मन मोठं म्हणून तुम्ही परत बोलावलंत. पण मला काढलं ते बरोबरच होतं. मला येईनासं झालं होतं. रोज चुकायचं."

"तुला कुणी काढलं नाही," काका म्हणाले.

"असं कसं? चुका झाल्या म्हणूनच काढलं. माझे मिस्टर कॉम्प्युटरमधलेच आहेत, लांबून लांबून लोक येतात त्यांच्याकडे. त्यांनी दुकान सोडून शेजारी बसून शिकवलं मला. चिठ्ठ्या लावल्या. तरी नाही आलं. एवढा जाणकार माणूस शिकवतो आणि तरी येत नाही, म्हणजे दोष माझ्यातच ना? शेवटी तेही दमले, ओरडले. कधी ओरडत नाहीत हो ते."

काका खाली बसले, तिथेच, जमिनीवर, काकूंच्या खुर्चीशी. कसंबसं म्हणाले, "दोष त्यांचा होता, बाई. तुमचं काही चुकलं नव्हतं. त्यांनीच तुमचं मशीन पुसलं. तुम्ही झोपला होतात तेव्हा."

काकूंनी त्यांच्याकडे जरा नाराजीने बघितलं. घरच्या माणसाबद्दल बाहेरच्या कुणी वावगं बोललं की बघतात तसं.

"छे," त्या म्हणाल्या. "ते असं नाही करायचे. मला विचारल्याशिवाय ते माझ्या वस्तूला हात लावत नाहीत."

मग त्यांनी कोरं पान बंद केलं, मशीन रीतसर बंद केलं, पडदा काळा होईपर्यंत थांबल्या, आणि खुर्ची आत सरकवून स्वयंपाकघरात निघून गेल्या.